इनकमिंग फुकट असूनही बंद का होते आणि परदेशात त्याचे पैसे का पडतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दुबईत नोकरीला आहात, आई रत्नागिरी जिल्ह्यात गावी एकट्या राहतात आणि त्यांच्याकडे साधा कीपॅडचा फोन आहे. गेले काही दिवस त्यांना फोन लावला की ‘या क्रमांकावर इनकमिंग सेवा उपलब्ध नाही’ असे ध्वनिमुद्रित उत्तर ऐकू येते. शेजाऱ्यांनी फोन पाहून सांगितले की रेंज आहे आणि खात्यात ६३ रुपये शिल्लकही दिसतात. इनकमिंग फुकट असते, तर ते बंद कसे झाले, हा तुमचा पहिला प्रश्न. आईंनी तुमच्या भारतीय क्रमांकावर केलेल्या फोनचे पैसे तुमच्या बिलात कसे लागले, हा दुसरा. आईंना फसवणुकीचे फोन येत असतात, तेव्हा ओळखीची माणसे सोडून बाकीच्यांचे फोन अडवता येतील का, हा तिसरा.

टेलिफोन एक्स्चेंजची देखभाल आणि पुढे ग्राहकांच्या बिलांच्या तक्रारी यांत माझी सगळी नोकरी झाली. फोन लागत नसल्याची तक्रार आली की फोन लावणाऱ्याला नेमके काय ऐकू आले, हे आम्ही सर्वांत आधी विचारत असू, कारण निम्मे निदान तिथेच होते. ‘फोन बंद आहे’ किंवा ‘संपर्क क्षेत्राबाहेर आहे’ असे ऐकू आले, तर हँडसेट नेटवर्कपर्यंत पोहोचलेलाच नाही, म्हणजे बॅटरी, सिम किंवा टॉवर यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असे उत्तर आले, तर एक तर क्रमांक कायमचा रद्द झालेला असतो किंवा डायल करण्यात चूक झालेली असते. भारतातल्या लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावे लागते, हे अजूनही अनेकांच्या लक्षात नसते. प्रत्येक वेळी अर्धीच रिंग होऊन फोन ‘व्यस्त’ लागत असेल, तर समोरच्या हँडसेटमध्ये तुमचा क्रमांक ब्लॉक झालेला असण्याची शक्यता मोठी. रिंग पूर्ण होते आणि कोणी उचलत नाही, तेव्हा फोन सायलेंटवर गेला आहे का, एवढे आधी बघावे. तुम्हाला ऐकू आलेले ‘इनकमिंग सेवा उपलब्ध नाही’ हे उत्तर मात्र हँडसेटकडून आलेलेच नाही. ते कंपनीच्या यंत्रणेने दिलेले आहे, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ रिचार्जची मुदत संपली असाच असतो.

रेंज दिसते म्हणजे सेवा चालू आहे, ही समजूत इथे घात करते. मुदत संपलेले सिमही टॉवरशी नोंदणी करते, पडद्यावर कंपनीचे नाव येते, कांड्याही पूर्ण दिसतात. आधी आऊटगोइंग बंद होते, त्यानंतर कंपनीच्या धोरणानुसार काही दिवस इनकमिंग चालू राहते आणि मग तेही थांबते. ज्या बाई स्वतः क्वचितच फोन करतात, त्यांना आऊटगोइंग कधी बंद झाले याचा पत्ताच लागत नाही, आणि इनकमिंग बंद झाल्याचे तर त्यांना कळण्याचा मार्गच नसतो, कारण न आलेला फोन दिसत नाही. मुदत संपत आल्याचे एसएमएस येतात, पण ते इंग्रजीत असतात आणि जाहिरातींच्या गर्दीत पडलेले असतात. आईंच्या बाबतीत असेच झाले असावे.

आता ६३ रुपयांबद्दल. प्रीपेड खात्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: एक शिल्लक रक्कम आणि दुसरी सेवेची मुदत, जिला दुकानदार व्हॅलिडिटी म्हणतो. पूर्वी टॉकटाइम भरला की त्याच्याबरोबर मुदतही मिळे, शिवाय २००५ च्या अखेरीस साधारण ९९९ रुपयांची ‘लाइफटाइम’ कार्डे निघाली होती, त्यामुळे एकदा पैसे भरले की इनकमिंग कायमचे, असे एका पिढीच्या मनात पक्के बसले. २०१८ च्या शेवटच्या महिन्यांत मोठ्या खासगी कंपन्यांनी हे बदलले. सिम चालू ठेवायचे तर दर २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचे रिचार्ज करा, खात्यात किती शिल्लक आहे याचा त्याच्याशी संबंध नाही, अशी अट आली. त्या वेळी भरपूर शिल्लक असलेल्या लोकांचीही सेवा बंद होण्याची वेळ आली आणि ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, कंपन्यांकडे विचारणा करावी लागली. पण किमान रिचार्जची पद्धत टिकली आणि ती किमान रक्कम त्यानंतर पुष्कळ वाढली. त्यामुळे आईंचे ६३ रुपये खात्यात सुरक्षित आहेत, फक्त त्यांच्या जोरावर सेवा चालू राहत नाही.

हे असे का झाले, ते समजून घेतले की इनकमिंगचे सगळे गणित उलगडते. भारतात मोबाइलचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. त्या काळी मिनिटाचा दर ८ ते १६ रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. फोन वाजला की लोक क्रमांक बघत, तो कापत आणि जवळच्या पीसीओतून उलट फोन करत. १ मे २००३ पासून ‘जो फोन करेल तो पैसे देईल’ ही पद्धत लागू झाली आणि इनकमिंग फुकट झाले. फुकट झाले ते घेणाऱ्यासाठी. तो कॉल पोहोचवणाऱ्या कंपनीला मात्र पैसे मिळतच होते, कारण फोन करणाऱ्याची कंपनी फोन घेणाऱ्याच्या कंपनीला दर मिनिटाला ठरावीक रक्कम देत असे. यालाच आपण आययूसी म्हणून ओळखतो. हा दर २००४ मध्ये ३० पैसे होता, १ एप्रिल २००९ पासून २० पैसे झाला, १ मार्च २०१५ पासून १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे, आणि १ जानेवारी २०२१ पासून देशांतर्गत कॉलसाठी तो शून्यावर आला.

या घसरणीत तुमच्या आईंसारख्या ग्राहकाचे काय झाले ते पाहा. ज्या सिमवर फक्त फोन येतात, ते सिमसुद्धा ३० किंवा २० पैशांच्या काळात कंपनीला कमाई करून देत होते. दर ६ पैशांवर आला, तेव्हा ती कमाई जवळजवळ आटली. त्याच सुमारास लोकांनी इंटरनेटसाठी दुसरे स्वस्त सिम घेतले आणि जुने सिम फक्त इनकमिंगसाठी ठेवले. अशी कोट्यवधी सिमे कंपन्यांना बोजा वाटू लागली आणि किमान रिचार्ज आले. आययूसीचा दर खाली आणण्यामागचा विचार मला पटतो, कारण त्यामुळेच अमर्याद कॉलचे पॅक शक्य झाले. पण ज्यांना फक्त मुलांचे फोन घ्यायचे आहेत, अशा लाखो वृद्ध माणसांवर त्याचा भार पडला, आणि ‘फक्त इनकमिंग’ अशी एखादी अगदी स्वस्त, लांब मुदतीची सोय बंधनकारक करायला हवी होती, असे मला आजही ठामपणे वाटते. याच आययूसीच्या ओढाताणीत २०१९ मध्ये काही नेटवर्कवर रिंग वाजण्याचा अवधी कमी करण्यात आला होता, म्हणजे फोन उचलायच्या आत कटावा आणि समोरच्याने उलट फोन करावा. चुलीपुढून उठून फोनपर्यंत येणाऱ्या बाईला ती काही सेकंदे फार मोलाची असतात. त्यानंतर ट्रायने मोबाइलसाठी ३० सेकंद आणि लँडलाइनसाठी ६० सेकंद रिंग वाजलीच पाहिजे असे ठरवून दिले.

९० दिवसांचा जो नियम लोक सांगतात, तो इनकमिंग चालू ठेवण्याचा नियम नाही, हेही इथेच स्पष्ट करतो. सिमचा काहीच वापर झाला नाही, म्हणजे त्यावरून फोन गेला नाही, आला नाही, एसएमएस नाही, डेटा नाही, तरी ९० दिवसांच्या आत कंपनीला तो क्रमांक काढून घेता येत नाही, असा हा २०१३ पासूनचा नियम आहे. ९० दिवसांनंतरही खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल, तर २० रुपये कापून क्रमांक आणखी ३० दिवस राखला जातो, आणि शिल्लक असेपर्यंत हे असेच पुढे चालते. शिल्लक संपल्यावर क्रमांक परत मिळवण्यासाठी १५ दिवसांची सवलत असते. म्हणजे आईंच्या ६३ रुपयांतून ३ वेळा मिळून ९० दिवस वाढू शकतात. पण हे संरक्षण क्रमांकाचे आहे, सेवेचे नाही. या काळात क्रमांक आईंच्या नावावर राहील, फोन मात्र लागणार नाही. क्रमांक एकदा हातचा गेला, की काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि आईंच्या बँक खात्याला, गॅसला, आधारला तोच जोडलेला असेल, तर त्यांचे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. म्हणून रिचार्ज आठवडाभर पुढे ढकलला तर चालेल, पण तीन-तीन महिने विसरू नका.

कोणते रिचार्ज मारायचे, याचे उत्तर आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. कीपॅडच्या फोनला डेटाचा काही उपयोग नसतो, तरीही अनेक वर्षे डेटासकटच पॅक घ्यावे लागत होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएस देणारे वेगळे व्हाउचर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानंतर ८४ दिवसांपासून ते वर्षभराच्या आसपासपर्यंतचे केवळ बोलण्याचे पॅक बाजारात आले आहेत. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, कंपनीच्या ॲपमध्येही ते खाली कुठेतरी असतात, म्हणून ‘डेटा नसलेला, फक्त व्हॉइसचा पॅक’ असे नेमक्या शब्दांत विचारावे. दर बदलत राहतात, म्हणून आकडा मी लिहीत नाही. पण एकूण रकमेला दिवसांनी भागून पाहा आणि आईंसाठी लांब मुदतीचाच पॅक घ्या, कारण दर महिन्याला मुदतीची आठवण ठेवायला तिथे कोणी नाही. हे रिचार्ज तुम्ही दुबईतूनही करू शकता. भारतातल्या कंपन्यांच्या ॲपवर परदेशी कार्ड कधीकधी चालत नाही, पण तुमचे एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे, खाते असेल आणि तुमच्या बँकेने ती सोय दिली असेल, तर अमिरातीच्या क्रमांकावरूनही यूपीआय सुरू करता येते.

रिचार्ज करूनही इनकमिंग सुरू झाले नाही, तर पुढच्या शक्यता तपासाव्या लागतील. त्यातली एक कीपॅडच्या फोनमध्ये नेहमी आढळते. सेटिंगमध्ये ‘कॉल बॅरिंग’ नावाचा एक भाग असतो आणि खिशात किंवा नातवंडांच्या हातात बटणे दाबली जाऊन त्यातले काहीतरी चालू होते. कॉल बॅरिंग म्हणजे कंपनीच्या यंत्रणेत बसवलेले कुलूप. हँडसेट बदलला तरी ते तसेच राहते. येणारे सगळे फोन अडवण्याचे कुलूप लागले आहे का हे बघण्यासाठी *#३५# डायल करावे, म्हणजे चालू की बंद ते पडद्यावर येते. चालू असेल, तर #३५*पासवर्ड# डायल केल्यावर ते निघते. हा पासवर्ड ग्राहकाने बदलला नसेल, तर बहुतेक ठिकाणी ०००० किंवा १२३४ असतो. अंदाजाने आकडे टाकत बसू नका. ३ वेळा चुकीचा पासवर्ड पडला की ही सोय गोठते आणि ती फक्त कंपनीलाच सोडवता येते. बाहेर जाणारे फोन अडवण्याचा संकेत ३३ आहे आणि परदेशी जाणारे फोन अडवण्याचा ३३१. यांपैकी ३३१ चे कुलूप आईंच्या फोनवर मुद्दाम लावून घ्या असे मी सुचवीन, त्याचे कारण पुढे येईलच.

दुसरी शक्यता कागदपत्रांची. एका व्यक्तीच्या नावावर देशभरात ९ पेक्षा अधिक सिम आढळली, तर दूरसंचार विभागाच्या डिसेंबर २०२१ च्या आदेशानुसार जादा सिमांची फेरपडताळणी होते, आणि ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही तर आधी आऊटगोइंग, मग इनकमिंग आणि शेवटी क्रमांकच बंद होतो. आईंच्या नावावर घरातल्यांनी किंवा एखाद्या दुकानदाराने किती सिम घेऊन ठेवली आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. सिम नवे करून घेतले असेल, तर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. तो बिघाड नसून सिम बदलून होणाऱ्या चोऱ्या रोखण्यासाठी केलेली व्यवस्था आहे. फक्त त्या दिवशी बँकेचे काम ठेवू नये.

आता तुमच्या बिलाकडे येऊ. देशात फिरताना इनकमिंगला पैसे पडत नाहीत, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की एके काळी पडत होते हेही विसरायला झाले आहे. चंदगडकडच्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत घरबसल्या शेजारच्या राज्याचा टॉवर पकडला जाई आणि आलेल्या फोनचे पैसे कापले जात. मे २०१५ मध्ये ट्रायने रोमिंगवरच्या इनकमिंगची कमाल मर्यादा मिनिटाला ४५ पैशांवर आणली आणि पुढे स्पर्धेत कंपन्यांनी ते पूर्ण फुकटच केले. देशाबाहेर मात्र मूळ नियम जसाच्या तसा आहे. आईंनी तुमचा भारतीय क्रमांक लावला, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो साधा देशांतर्गत कॉल होता आणि तो त्यांच्या पॅकमध्ये बसला. तुम्ही दुबईत आहात हे फोन करणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून भारतापासून दुबईपर्यंतच्या प्रवासाचा आणि तिथल्या नेटवर्कचा खर्च त्याच्यावर टाकता येत नाही. तो तुमच्यावर येतो. रोमिंगचा पॅक नसेल, तर हा मिनिटाचा दर चांगलाच जड असतो.

न उचललेल्या फोनचेही पैसे लागल्याच्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या खऱ्या असतात. तुमच्या क्रमांकावर ‘फोन उचलला नाही तर व्हॉइसमेलकडे किंवा दुसऱ्या क्रमांकाकडे वळवा’ अशी सोय चालू असेल, तर कॉल आधी भारतातून दुबईला जातो, तिथे काही वेळ वाजतो आणि मग परत भारतात येतो. दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्या होतात आणि दोन्हींचा खर्च तुमच्या बिलात लागतो. भारत सोडण्यापूर्वी ##००४# डायल केले की अशा सगळ्या अटींवरची वळणे रद्द होतात. भारतीय सिम तुम्हाला फक्त बँकेच्या ओटीपीसाठी हवे असेल, तर परदेशात असताना येणारे फोन अडवण्याचे वेगळे कुलूपही आहे, त्याचा संकेत ३५१. ते लावताना *३५१*पासवर्ड*११# असे डायल करावे. शेवटचे ११ गाळू नका. ११ म्हणजे फक्त बोलण्याची सेवा, आणि ते लिहिले नाही तर कुलूप सगळ्या सेवांना लागून एसएमएसही अडकू शकतात, मग ओटीपीच येत नाही आणि मूळ हेतूच फसतो. बहुतेक भारतीय कंपन्या परदेशात आलेल्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, तरीही निघण्यापूर्वी आपल्या प्लॅनची अट वाचून घ्यावी. वायफायवरून कॉल घेण्याची सोय तुमच्या कंपनीकडे आणि हँडसेटमध्ये असेल, तर परदेशातून ती कोणत्या दराने चालते हेही तेव्हाच विचारून ठेवा, कारण यात प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे आहे.

तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या परिस्थितीत फार महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे तिथली आपली माणसे घरी बोलण्यासाठी स्वस्त कॉलिंग कार्डे आणि नाना प्रकारची ॲपे वापरतात. अशा काही मार्गांनी केलेला फोन भारतात पोहोचतो तेव्हा आईंच्या पडद्यावर तुमच्या क्रमांकाऐवजी कुठलातरी अनोळखी भारतीय क्रमांक दिसतो. परदेशातून आलेल्या कॉलवर भारतीय कंपन्यांना अजूनही मिनिटाला ३५ ते ६५ पैसे मिळतात. ते चुकवण्यासाठी काही लोक तो कॉल इंटरनेटवरून भारतात आणतात आणि शेकडो सिम बसवलेल्या यंत्रातून स्थानिक कॉल म्हणून पुढे सोडतात. हे बेकायदा आहे, पोलीस अशी यंत्रे वेळोवेळी पकडतात, आणि पकडली की त्यातले क्रमांक एकाच वेळी बंद होतात. तुमच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे, अनोळखी क्रमांक उचलायचा नाही असे आपण आईंना शिकवायचे आणि आपलाच फोन अनोळखी क्रमांकावरून जायचा. थोडे पैसे जास्त पडले तरी आईंना नेहमी एकाच अधिकृत क्रमांकावरून, ९७१ ने सुरू होणाऱ्या तुमच्या स्वतःच्या क्रमांकावरून फोन करा आणि तो त्यांच्या फोनमध्ये तुमच्या नावाने साठवून ठेवा.

फसवणुकीच्या फोनांबद्दल सांगायचे, तर एका बटणाने सगळे थांबेल असा उपाय नाही, आणि कोणी तसे सांगून ॲप विकत असेल तर ते घेऊ नका. कॉल बॅरिंगच्या मूळ संचात येणारे सगळे फोन अडवता येतात, पण फक्त परदेशातून येणारे किंवा फक्त अनोळखी फोन अडवण्याचा संकेत त्यात नाही. निवड करायची ती हँडसेटमध्येच करावी लागते. कीपॅडच्या काही फोनांत ‘फक्त यादीतले क्रमांक’ अशी सोय असते. पुढेमागे आईंना स्मार्टफोन द्याल, तर त्यातल्या ‘अनोळखी कॉलर ब्लॉक करा’ या पर्यायावर पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण अनेक अँड्रॉइड फोनांत त्याचा अर्थ ‘ज्यांचा क्रमांक दिसतच नाही असे कॉल’ एवढाच असतो, यादीबाहेरचे सगळे क्रमांक असा नसतो. त्याऐवजी ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये फक्त संपर्क यादीतल्या लोकांना वाजण्याची परवानगी द्यावी. तेही मी दिवसभर चालू ठेवा असे म्हणणार नाही. दवाखाना, गॅसवाला, पोस्टमन, ग्रामपंचायत, अडीअडचणीला शेजारणीच्या मुलाचा नवा क्रमांक, हे सगळे यादीबाहेरचेच असतात, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला जगापासून तोडणारे बंधन हे त्या फसव्या फोनाइतकेच घातक ठरू शकते.

त्याऐवजी चार गोष्टी त्यांना क्रमांकांच्या रूपात शिकवा, क्रमांक लक्षात राहतात. १४० ने सुरू होणारे फोन जाहिरातींचे असतात. बँका आणि वित्तसंस्थांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची मालिका ठरवलेली आहे. त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्यावा. १९०९ वर फोन करून जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद करता येते, आणि त्यानंतरही असा फोन आला तर ७ दिवसांच्या आत त्याच क्रमांकावर तक्रार करता येते. फसवणुकीचा प्रयत्न वाटला तर संचार साथीवरच्या ‘चक्षू’ विभागात कळवावे, आणि पैसे गेलेच तर एक क्षण न दवडता १९३० ला फोन करावा. परदेशातून आलेला पण भारतीय क्रमांक दाखवणारा खोटा कॉल ओळखून थांबवण्याची केंद्रीय यंत्रणा ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. त्यात तो क्रमांक खरोखरच परदेशी रोमिंगवर आहे का हे तपासले जाते. तेव्हापासून फसवणारे बरेचदा उघड परदेशी क्रमांकावरूनच फोन करतात. एकदाच वाजून कटणारा परदेशी मिस्ड कॉलही त्यातलाच: उत्सुकतेने उलट फोन केला की आंतरराष्ट्रीय दराने शिल्लक कापली जाते. मघाशी ३३१ चे कुलूप सुचवले ते यासाठी. त्यामुळे तुमचा दुबईहून येणारा फोन अडत नाही, फक्त आईंकडून परदेशी उलट फोन जाऊ शकत नाही.

कॉल फॉरवर्डिंगबद्दल मात्र विशेष जपा. ‘तुमचे पार्सल अडकले आहे’ किंवा ‘सिम बंद होणार आहे’ असे सांगून *४०१* किंवा २१* ने सुरू होणारा क्रमांक डायल करायला लावतात. तो डायल केला की आपल्याला येणारे सगळे फोन त्या भामट्याकडे वळतात. एसएमएस वळत नाहीत, पण आवाजी कॉलवर सांगितले जाणारे ओटीपी आणि व्हॉट्सॲपचे पडताळणीचे कॉल त्याला मिळतात, आणि वळवलेल्या कॉलचा खर्च नियमाप्रमाणे आपल्याच खात्यावर पडतो. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# प्रकारची फॉरवर्डिंग सोय थांबवली. आईंच्या फोनवर *#२१# डायल करून काही वळवलेले आहे का ते शेजाऱ्यांना बघायला सांगा, आणि शंका असेल तर ##००२# ने सगळी वळणे एकदम काढून टाका. मुलांचे फोन अचानक येईनासे झाले आणि रिचार्जची मुदत मात्र शिल्लक आहे, अशा वेळी मी सर्वांत आधी हीच तपासणी करायला सांगतो.

तक्रारीची वेळ आलीच, तर मार्ग ठरलेला आहे. त्या कंपनीच्या सिमवरून १९८ लावावा. आऊटगोइंग बंद असले तरी हा क्रमांक बहुधा लागतो, तसाच आपत्कालीन ११२ ही. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवावा, कारण तो नसेल तर पुढे काहीच चालत नाही. उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे फुकट अपील करता येते. ट्रायला पत्र लिहून वैयक्तिक तक्रार सुटत नाही. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात एवढेच. न मागितलेल्या भजनांच्या किंवा ज्योतिषाच्या सेवेचे पैसे कापले गेल्याचा संशय असेल, तर १५५२२३ हा ती सेवा बंद करण्याचा निःशुल्क क्रमांक आहे. प्रीपेड ग्राहकालाही मागील ६ महिन्यांतल्या कोणत्याही काळाचे तपशीलवार बिल मागता येते आणि त्यासाठी कंपनीला ५० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाही; कापले गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी यासारखा पुरावा दुसरा नाही. सिम आईंच्या नावावर असेल, तर कंपनीचा माणूस दुबईहून बोलणाऱ्या मुलाला काही सांगणार नाही आणि ते योग्यच आहे. शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाला आईंच्या शेजारी बसवून त्यांच्याच फोनवरून १९८ लावायला सांगा, आणि सिम घेताना दिलेला पत्ता आणि जन्मतारीख आधीच एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगा, कारण ओळख पटवण्यासाठी ती विचारली जाण्याची शक्यता असते.